हौशी शोधक पोलिसांच्या आधी कशी पोचते? (पात्रप्रधान रहस्यकादंबरीचा आराखडा, मतं हवीत)

जाईजुई:
आराखडा थोडक्यात मांडते. गडहिंग्लज, जुलै महिना, पावसाची झड. महादू मास्तर, वय ६८, आयुष्यभर टेलरकाम केलेला विधुर, मूलबाळ नाही. सकाळी भाकरी-चटणी खाऊन घराबाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या विहिरीत सापडतो. पंचनामा होतो, पाय घसरला असणार असं गाव म्हणतं, विषय संपतो.

शोध घेणारी आहे शेवंतामावशी. ती चटणी कांडायचा डंक, म्हणजे यंत्रावर चालणारं उखळ-मुसळ, चालवते. शिक्षण चौथी, नजर तीक्ष्ण, तोंड फटकळ. तिच्या डंकावर उन्हाळ्यात सगळं गाव मिरच्या घेऊन येतं, नंबर येईपर्यंत बसतं आणि बोलतं.

माझा प्रश्न असा. हौशी शोधकाच्या बऱ्याच कादंबऱ्यांत ओळखीचा इन्स्पेक्टर येतो आणि फाईल समोर ठेवतो. मला ते नको आहे. मग मावशीकडे असं काय आहे जे पोलिसांकडे नाही? खुनाची पद्धत अजून पक्की नाही. धोत्र्याचं बी चटणीत मिसळायचं डोक्यात आहे. शेवटी सगळ्यांना डंकावर बोलवायचं, मिरचीच्या पोत्यांमागे इन्स्पेक्टर लपलेला, मावशी बोलत बोलत कबुली काढते, असा प्रसंग योजलाय.

तळटीप:
मावशी आवडली. सुरुवातीलाच एक सांगतो, शोधकाचा धंदा ही नुसती वेशभूषा असू नये. गुन्हा असा हवा की जो त्या धंद्यातल्या माणसालाच दिसेल. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होत्या, म्हणून त्यांची विषं खरी वाटतात. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या हौशी शोधक मिस मार्पलबाईंचं सगळं बळ एका खेड्यातली माणसं आयुष्यभर निरखण्यात आहे. समोरचा संशयित पाहून त्यांना गावातला कुणीतरी आठवतो आणि त्यावरून त्या स्वभाव ओळखतात. तुमच्या मावशीला माणसं आणि मिरच्या, दोन्हींतून वाचता आलं पाहिजे.

पिवळं_पुस्तक:
धोत्रा फार वापरून झालाय. नवीन काहीतरी घ्या.

न्यायवैद्यक:
असहमत. विष नवं असण्यात काही विशेष नाही. इंग्रज रहस्यलेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात तोवर न सापडलेलं विष वापरू नये असा एक नियम आहेच. वाचकाला माहीत असलेलं विष डोळ्यांसमोर असूनही दिसू नये, यात कसब आहे.

धोत्र्याबद्दल काही पक्क्या गोष्टी. मात्रा कादंबरीत लिहू नका, त्याची गरजही नाही. यातली मुख्य द्रव्यं अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन. शिजवल्याने ती सहजी नष्ट होत नाहीत. अर्ध्या-एक तासात तोंड कोरडं पडतं, गिळता येत नाही, चेहरा लाल होतो, अंग तापतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन जवळचं धूसर दिसतं, चाल दारू प्यायल्यासारखी होते. मग भ्रम. पुटपुटणं, नसलेल्या माणसांशी बोलणं, अंगावरचे कपडे आणि पांघरूण चिमटीने ओढणं, बोटांच्या टोकांतून अदृश्य धागे काढणं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत हे हमखास लिहिलेलं असतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे धोत्र्याने माणूस बहुधा मरत नाही, भ्रमिष्ट होतो. पूर्वी वाटमारे प्रवाशांना धोत्रा घालून लुटत ते याचसाठी. म्हणजे तुमचा मास्तर विषाने मेलाच नाही. भ्रमात चालत गेला आणि विहिरीत पडला.

आडवाट:
थांबा थांबा. अदृश्य धागे? आणि मेलेला माणूस टेलर?

मग शेजारीण साक्ष देईल, "मास्तर ओट्यावर बसून हवेत सुई ओवत होते. म्हातारपणी जुनं काम आठवत असेल बिचाऱ्यांना." सगळं गाव हळहळेल, वाचकही हळहळेल आणि ते विषाचं लक्षण आहे हे कुणालाच कळणार नाही!

न्यायवैद्यक:
आडवाट, हा सगळ्यात मोठा दुवा झाला. वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे आणि टेलर असल्यामुळे पूर्ण झाकला जातो. अजून एक कारण सांगतो तो का लागतो ते. मृत्यूनंतर बाहुल्या बघून काही सिद्ध होत नाही, कारण त्या एरवीही बऱ्याचदा विस्फारतात. म्हणजे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला धोत्रा दिसणार नाही. त्याला दिसेल तोंडाशी पांढरा बारीक फेस, फुगलेली फुफ्फुसं, हातापायाची सुरकुतलेली कातडी. तो बुडून मृत्यू लिहील आणि ते खरंच असेल. जिवंतपणी मास्तरला पाहणाऱ्यांचं बोलणं हाच पुरावा. ते बोलणं गोळा होतं डंकावर, पोलीस ठाण्यात नाही.

जाईजुई:
अंगावर काटा आला. सुई ओवणं घेतलं! पण मग प्रेताचं दहन झाल्यावर पुढे सिद्ध काय होणार?

न्यायवैद्यक:
व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखून ठेवलेला असला तर होईल. बुडालेल्या प्रत्येकाचा ठेवतातच असं नाही, म्हणून कारण द्या. उदाहरणार्थ, कुणीतरी सांगितलं की मास्तर झिंगल्यासारखा चालत होता, म्हणून तपास अधिकाऱ्याने दारू होती का ते पाहायला सांगितलं. जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडांचा भाग, रक्त. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तर विषाच्या तपासणीला अडचण येते. चूक दाखवायची असेल तर ती इथे दाखवता येईल, पण मी दाखवणार नाही, कथेला गरज नाही.

अहवालात दारू निघत नाही. प्रयोगशाळेला काय शोधायचं ते कळलं तर वनस्पतिज विष नेमकं सापडण्याची शक्यता वाढते. ते कळवण्यासाठी लक्षणांची हकिकत हवी. मावशीचं काम तिथे आहे.

मिरचीकांडप:
आता चटणीबद्दल. मूळ कल्पना, खुनी माणूस डंकावर आणलेल्या मिरचीत बी मिसळतो, अशी असेल तर ती चालणार नाही. वर्षाची चटणी मार्च ते मे मध्ये होते. घरटी चार-पाच किलो मिरची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, वर कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, गरम मसाला. त्यात बी टाकलं तर ते पसरून जाईल, आणि जे काही होईल ते सगळ्या घराला होईल. शिवाय बाया आपली मिरची उखळात पडल्यापासून चाळून डब्यात भरेपर्यंत जागच्या हलत नाहीत. दुसरीची मिरची आपल्यात मिसळायला नको ना.

जुलैत तर कुणी कांडायला येतच नाही. सर्द मिरची मुसळाला चिकटते, कुटली जात नाही, चाळणी बसते. तेव्हा डंक झाकलेला असतो.

आडवाट:
पण तोच दुवा करता येईल की! पावसात कुणी अर्धा किलो मिरची घेऊन आला तर मावशीला संशय येईल.

मिरचीकांडप:
येईल, पण खुनी तसं का करेल? घरात मिक्सर आहे. धोत्र्याचं बी घेऊन कुणी डंकावर जाणार नाही.

उलट करा. चटणी घरी मिक्सरवर झालेली आहे आणि मावशीला ते कळतं. डंकावर मुसळ खालून वर, वरून खाली आपटत राहतं, मिरचीचं बी पार चेचलं जातं, त्याचं तेल सुटतं, चटणी मऊ आणि ओलसर होते. चाळून राहिलेला चाळ परत उखळात जातो. त्यामुळे डंकाच्या चटणीत सबंध बी शोधून सापडत नाही. मिक्सरचं पातं कापतं. साल बारीक होते, पण छोट्या भांड्यात कडेला उडालेलं बी तसंच राहतं. आता विचार करा, मास्तरच्या घरात एप्रिलमध्ये मावशीच्याच डंकावरून नेलेली चटणी बरणीत भरलेली आहे. मग त्याच्या ताटाजवळच्या डबीत मिक्सरची चटणी का? वर्षाची चटणी असताना जुलैत ताजी चटणी कोण करतं आणि ती एकट्या मास्तरसाठीच का?

तळटीप:
उत्तम. हे मावशीशिवाय कुणालाही दिसणार नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात "लाल चटणीची एक डबी" एवढंच येईल, आलंच तर.

न्यायवैद्यक:
आणि त्या डबीत एक-दोन सबंध बिया राहिल्या असतील तर पुढचं सोपं. मिरचीचं आणि धोत्र्याचं बी ओळखणं हा न्यायवैद्यकातला जुना पाठ आहे. मिरचीचं बी पातळ, चपटं, गोलसर, फिकट पिवळं, गुळगुळीत. धोत्र्याचं जरा मोठं, जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी, पृष्ठभागावर बारीक खळगे. उभं कापून भिंगाखाली पाहिलं तर आतला अंकुर धोत्र्यात बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, मिरचीत आतल्या बाजूला. मिरचीचं तिखट, धोत्र्याचं कडवट.

मावशीला भिंग देऊ नका. बोटांच्या चिमटीत फिरवून तिला कळेल. पण चव घेऊ देऊ नका!

कोर्टाची_पायरी:
आता कायद्याचं. आधी त्या डबीचं. मावशीने ती पदराखाली घालून घरी नेली तर पुरावा मेला. न्यायालयात पहिला प्रश्न येईल, ही डबी मधल्या काळात कुणाकडे होती, हिच्यात कुणी काय घातलं? ती जागच्या जागी, दोन पंचांसमोर जप्त होऊन, सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जायला हवी. मावशीने फक्त पाहायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही आणि कळवायचं. कळवणं लेखी, आणि अर्जाची पोच घ्यायची.

दुसरं म्हणजे कबुलीचा प्रसंग. पोत्यांमागे इन्स्पेक्टर अजिबात बसवू नका. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. लपलेला अधिकारी ऐकतोय म्हटल्यावर बचावाचा वकील तेवढंच धरून बसेल. त्याच्या उलट, सामान्य माणसाजवळ आपणहून दिलेली कबुली न्यायालयात सांगता येते. न्यायालयं ती जपून तोलतात, दुसऱ्या पुराव्याचा आधार मागतात, पण ती चालते. म्हणजे ज्या खोलीत पोलीस नाही तिथेच मावशीचं बोलणं कामाचं. धमकी नको, आमिषही नको. दोघीच बसलेल्या असू देत.

तुमच्या मूळ प्रश्नाचं हेही एक उत्तर झालं, जाईजुई. इन्स्पेक्टरला मिळाली तर निरुपयोगी, मावशीला मिळाली तर उपयोगी, अशी एक गोष्ट कायद्यानेच ठेवली आहे.

उंबरठा:
दोघीच? म्हणजे खुनी बाई आहे हे ठरलं का?

कोर्टाची_पायरी:
धोत्रा जेवणातून गेलाय, म्हणून मी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा विचार केला. जाईजुईताईंनी ठरवावं.

जाईजुई:
मास्तरच्या मेलेल्या भावाची बायको, पार्वती. एकाच वाड्यात राहते, इतकी वर्षं मास्तरला दोन वेळचं जेवण तीच देते. तिचा मुलगा मास्तरची जमीन कसतो. मास्तर ती जमीन विकायला निघाला होता. संकेश्वर-बांदा महामार्गाला लागून आहे, किंमत चांगली येत होती. पण जमिनीसाठी खून हे फारच ठरीव होतंय, तिथेच अडले आहे.

सातबारा:
ठरीव होतंय कारण कागद तपासले नाहीत. तपासले की कथा पालटते.

जमीन वडिलोपार्जित असेल तर पार्वतीचा मुलगा हिश्श्यासाठी दावा लावेल, विक्रीला मनाई मागेल. विषाची गरजच नाही. म्हणून जमीन मास्तरने स्वतःच्या कमाईतून घेतलेली ठेवा. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव, फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, खरेदीने झालेला. मग पुतण्याला दावा लावायला जागा नाही.

आता वारस. मास्तर मृत्युपत्र न करता गेला. बायको नाही, मूल नाही, आईवडील नाहीत. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे वर्ग १ मध्ये कुणी नसेल तर वर्ग २. त्यात भाऊ आणि बहीण वरच्या नोंदीत येतात, भावाचा मुलगा खालच्या नोंदीत. वरच्या नोंदीतलं एक जण जरी हयात असेल तरी खालच्यांना काही मिळत नाही. तेव्हा मास्तरची एक बहीण हयात ठेवा, निपाणीला दिलेली. सगळी जमीन तिला जाते. पार्वतीच्या मुलाला एक गुंठाही नाही.

म्हणजे मास्तर जिवंत राहण्यात पार्वतीचं हित होतं. मेल्याने ती उघड्यावर आली.

तळटीप:
मग तिने धोत्रा का घातला?

सातबारा:
कारण तिला मास्तर मेलेला नको होता. त्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे विक्रीचा दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, तो वेडसर दिसायला हवा होता.

नोंदणी अधिनियम, १९०८ मधलं कलम ३५ बघा. दस्त करून देणारा अज्ञान (म्हणजे वयाने लहान), मतिमंद किंवा वेडा आहे असं निबंधकाला दिसलं तर त्याने नोंदणी नाकारायची असते. खरेदीखताला माणूस समोर उभा लागतो. फोटो निघतो, अंगठा घेतात, ओळख पटवायला दोन जण लागतात. मास्तर तिथे पुटपुटत, हवेत सुई ओवत उभा राहिला असता तर दस्त झाला नसता, घेणारा बिचकून मागे फिरला असता, संध्याकाळी उतार पडून मास्तर घरी झोपला असता. पार्वतीचा बेत एवढाच. मधे विहीर आली.

आडवाट:
वा! हे शेवटचं पान झालं.

उंबरठा:
आता ही माझ्यासाठी कादंबरी झाली. इतकी वर्षं जेवण घालणारी बाई एक दिवस त्याच ताटात विष वाढते आणि दुपारी ताट झाकून त्याची वाट बघत बसते. पार्वतीला राक्षसीण करू नका. तिचं भय समजून घ्या. जमीन तिच्या नावावर नाही, घर तिच्या नावावर नाही, मुलगा दुसऱ्याच्या शेतात राबतोय. तिने मास्तरला कधी विचारलं असेल का, "भावजी, आमचं पुढं काय?" आणि मास्तरने काय उत्तर दिलं असेल? त्या एका संवादावर सगळं तोललेलं असेल. मास्तरलाही सरळ संत करू नका. त्याने या माणसांचा विचारच केला नव्हता, हेही खरं असू दे.

पिवळं_पुस्तक:
मी धोत्र्याला नाही म्हणालो होतो, आता हो म्हणतो. विष खून करायला नाहीच, तर माणसाला वेडा ठरवायला, हे मी तरी मराठीत वाचलेलं नाही.
पण संशयित किती? एक पार्वती आणि एक बहीण एवढ्यावर पानं भरणार नाहीत.

तळटीप:
पाच पुरेत. सहाव्याला वाचक विसरतो. बहीण, कारण तिला सगळं मिळालं. पुतण्या, कारण तो कसणारा. जमीन घेणारा. मध्यस्थी करणारा एजंट. आणि पार्वती. प्रत्येकाने मावशीशी एक खोटं बोलायला हवं आणि त्या खोट्याचं कारण खुनाशी संबंध नसलेलं पण त्याच्या स्वभावातून आलेलं हवं. पुतण्या त्या दिवशी शेतात होतो म्हणाला, प्रत्यक्षात दुसरीकडे नोकरी शोधायला गेला होता आणि आईला कळू द्यायचं नाहीये. म्हणजे ज्या जमिनीसाठी आईने हे केलं ती त्याला कसायचीच नाही. हे पार्वतीला कबुलीच्या वेळी कळावं का, याचा विचार करा.

खुनी पहिल्या पाव भागातच वाचकाला भेटलेला हवा आणि चांगल्या कारणाने भेटलेला हवा. पार्वती मावशीला चहा देते, तिथेच डबी दिसू द्या.

आडवाट:
पुतण्याचं खोटं उघडं पाडायला एसटीचं तिकीट वापरा. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर तारीख, वेळ, कुठून कुठे, सगळं छापलेलं असतं. भिजलेल्या शर्टाच्या खिशात लगदा झालेलं. यूपीआयचे व्यवहारही तसेच, वेळेसकट राहतात. मात्र मोबाईलच्या कॉलची यादी मावशीला मिळवू देऊ नका. ती खासगी माणसाला कायदेशीर मार्गाने मिळत नाही, आणि कंपनीत ओळखीचा मुलगा वगैरे प्रकाराने कादंबरी स्वस्त होते.

दुकानाचा सीसीटीव्ही घेणार असाल तर एक सांगतो. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बऱ्याचदा पुढेमागे असतं, कुणी लावलेलंच नसतं. आधी पडद्यावरची वेळ आणि हातातल्या फोनची वेळ यांतला फरक लिहून ठेवायचा, मगच हिशेब करायचा. शिवाय हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. साध्या दुकानात काही आठवड्यांतच जातं, तेव्हा मावशीला घाई आहे.

कोर्टाची_पायरी:
आणि ते चित्रण न्यायालयात न्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, हॅश मूल्यासकट, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. मोबाईलवर पडद्याचा व्हिडिओ काढून भागत नाही. कादंबरीत एक ओळ पुरे.

गावगाडा:
पोलीस पाटील कुणीच कसा आणला नाही? महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला गावचाच माणूस. गणवेश नाही, मानधनावर काम, स्वतःची शेती किंवा दुकान. गावात संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला कळवायचं काम त्याचं. पोलीस आणि गाव यांच्या मधे उभा असलेला हा माणूस फुकट का घालवता? मावशीला इन्स्पेक्टरची ओळख नको ना, मग पाटलाशी भांडण द्या. त्याने स्वतः "पाय घसरला" म्हणून कळवलंय, आता मावशी म्हणते तसं नाही. त्याची अब्रू पणाला लागली आहे. तरी शेवटी डबी जप्त करायला पंच तोच गोळा करतो.

मात्र पोलीस पाटील गावाला असतो, गडहिंग्लज शहराला नगरपरिषद आहे. घटना तालुक्यातल्या लहान गावात घ्या, मावशीचा डंक बाजाराच्या गावी राहू दे.

जाईजुई:
घेतलं. मळा आणि वाडा जवळच्या खेड्यात, डंक गडहिंग्लजला. मिरचीचा बाजारही तिथेच, म्हणजे सगळ्या गावांच्या बाया मावशीकडे येणार.

जुलैत डंक बंद, मग माणसं मावशीकडे येणार कशी? हा नवा पेच.

मिरचीकांडप:
डंकाशेजारी पिठाची गिरणी असतेच. ती बारा महिने चालते, एकाच छपराखाली. जोंधळा, तांदूळ, गहू घेऊन आठवड्याला माणूस येतंच. डंक पोत्याखाली झाकलेला, पट्टा काढून खुंटीला अडकवलेला आणि गिरणी सुरू. मावशी दळताना बोलते. चक्कीच्या आवाजात जोरात बोलावं लागतं आणि चक्की थांबली की एखादं वाक्य सगळ्यांना ऐकू जातं. सुई ओवण्याचं वाक्य असंच चक्की थांबल्यावर पडू द्या.

सातबारा:
मावशीला विक्रीची माहिती कुठून? गप्पांतून नको, तिला कागद वाचू द्या. विक्री झालेली नाही म्हणून फेरफार नाही. पण मृत्यूनंतर वारसनोंद येते. तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायची असते, मग नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस. ती नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या कुणालाही दिसते. मावशीच्या नातीने फोनवर उघडून दिली की झालं. त्यात एकट्या बहिणीचं नाव पाहून गाव बहिणीकडे बोट दाखवेल. मावशी मात्र विचारेल, पार्वतीचं नाव कुठे आहे? ज्याला लाभ झाला त्याच्यामागे सगळे, जिचं गेलं तिच्याकडे मावशी. तिचा तर्क इथे उलटतो.

आणि खरेदीखताची तारीख कुणाला माहीत होती, हाही धागा ओढा. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरतात, वेळ घेतात. दस्तलेखक, एजंट, घेणारा, साक्षीदार, आणि घरात सकाळी इस्त्रीचा शर्ट मागितला म्हणून पार्वती.

उंबरठा:
इस्त्रीचा शर्ट. हे राहू द्या.
माझा प्रश्न मात्र उरतोच. मावशीने पार्वतीला पोलिसांकडे द्यावं का? तिला मारायचं नव्हतं. मावशी गप्प राहिली तर?

कोर्टाची_पायरी:
गप्प राहिली तर तीही गुन्ह्यात येऊ शकते. खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती द्यायची असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३. डबी फेकली तर पुरावा नष्ट करणं, भारतीय न्याय संहितेचं कलम २३८. पार्वतीवर काय लागेल हा वेगळा वाद. विष देऊन इजा करणं, कलम १२३, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. खून की सदोष मनुष्यवध की त्याहून कमी, यावर सरकारी आणि बचावाचे वकील भांडतील, कारण मारायचा हेतू नव्हता. वारसाहक्काचा कागद इथे पार्वतीच्या बाजूने उभा राहतो. ज्या कागदाने मावशीने तिला ओळखलं तोच तिचा बचाव.

उंबरठा:
मग मावशीने तिला आधी हेच सांगावं. "कागद तुझ्या बाजूनं बोलतोय, पारू. तू बोललीस तर."

कोर्टाची_पायरी:
सांगा, पण जपून. सूट मिळेल असं वचन देऊ नये. ते आमिष होतं. मावशीला अधिकार नाही म्हणून कदाचित कबुली टिकेल, तरी वाद कशाला. "खरं काय ते सांग" एवढंच.

रसिक_वाचक:
संपूर्ण धागा एका बैठकीत वाचला. मूळ प्रश्न होता, मावशी पोलिसांच्या आधी कशी पोचते. मला वाटतं ती आधी पोचतच नाही. पोलीस ज्या वाटेने जातात ती विहिरीपाशी संपते, कारण मृत्यू खरंच बुडून झालाय. मावशी दुसऱ्याच जागेवरून निघते, चटणीच्या डबीपासून. तिला खून शोधायचाच नसतो. "माझ्या डंकाची चटणी घरात असताना ही दुसरी कोणी केली?" हा तिच्या कामाच्या अभिमानाचा प्रश्न असतो. पहिल्या प्रकरणात तिला याचा थोडा रागच यावा. कुणाच्या मृत्यूपेक्षा चटणीचं तिला जास्त लागलं, असं वाचकाला वाटावं.

जाईजुई:
रसिक_वाचक, हे पहिलं प्रकरणच आहे. माझं आधी मास्तर विहिरीत सापडण्यापासून सुरू होत होतं. आता सुतकात भेटायला गेलेली मावशी, चहा, डबी आणि तिचा राग.

एकच विचारते. सुई ओवणं कुठे ठेवू? सुरुवातीला ठेवलं तर डॉक्टर वाचक ओळखतील, शेवटी ठेवलं तर बाकीच्यांवर अन्याय.

तळटीप:
पहिल्या तृतीयांशात, रडारडीच्या मधे, आणि लगेच त्यापुढे दुसरी मोठी गोष्ट. चक्की थांबते, शेजारीण सुईचं सांगते आणि त्याच वेळी बहिणीची गाडी निपाणीहून येऊन गिरणीच्या दारात थांबते. सगळे तिकडे बघतात. दुसऱ्यांदा मधल्या भागात नुसता उल्लेख, शेजारणीची नात मास्तर आजोबांची नक्कल करते तेव्हा. तिसऱ्यांदा मावशीला आठवतं.

न्यायवैद्यक:
नक्कल करताना नातीला एक गोष्ट करू द्या. खरा टेलर सुई ओवताना दोरा ओला करतो, गाठ मारतो, डोळ्यांजवळ धरतो. भ्रमातला माणूस नुसता बोटांच्या टोकांतून ओढत राहतो, संपतच नाही. नात तसंच करेल, कारण तिने तसंच पाहिलंय. आयुष्यभर मास्तरकडून चोळ्या शिवून घेतलेल्या मावशीला त्यात खोट दिसेल.

जाईजुई:
मास्तर डाव्या हाताचा करते आणि नात उजव्याने ओढून दाखवते, असं करू का?

न्यायवैद्यक:
नको. त्याचा वैद्यकीय अर्थ काही निघत नाही आणि वाचक भलत्याच वाटेला जाईल. गाठ न मारणं पुरेसं आहे.